शेख फहद : मैदानात उतरलेला माणूस

मंडळी, कुवेतमध्ये क्रिकेट आपलं, पण फुटबॉल मात्र या देशाचा. शुक्रवारी सकाळी मोकळ्या वाळूत स्टंप ठोकून खेळणारे बहुतेक आपल्याकडचे, नाहीतर आपल्या शेजारच्या देशांतले. पण कादसिया आणि अरबी या दोन क्लबांची मॅच असली की ऑफिसमधला एरवी शांत असणारा कुवेती सहकारीसुद्धा वेगळाच दिसायला लागतो. कादसिया पिवळे, अरबी हिरवे. आपल्यातले जे कोल्हापूरकर आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की पेठांमध्ये जे वारं शिरतं, तेच हे.

अशा एखाद्या वयस्क सहकाऱ्यापाशी फुटबॉलचा विषय काढून बघा. पाच मिनिटांत गाडी १९८२ वर येते, आणि १९८२ म्हटलं की एक नाव निघतंच : शेख फहद अल-अहमद. बाहेरच्या जगाने हे नाव एका विचित्र प्रसंगासाठी लक्षात ठेवलं. विश्वचषकाचा सामना चालू असताना राजघराण्यातला हा माणूस स्टँडमधून खाली उतरला आणि त्यानंतर रेफरीने दिलेला गोल मागे घेतला. कुवेतच्या लोकांनी मात्र त्यांना आणखी एका प्रसंगासाठी लक्षात ठेवलं आहे. तो आठ वर्षांनंतरचा, आणि त्याचा खेळाशी काही संबंध नाही. आपण इथे इतकी वर्षं राहतो, इथल्या मातीवर आपली मुलं वाढली, तेव्हा या माणसाची सबंध गोष्ट आपल्याला ठाऊक असायला हवी असं वाटलं, म्हणून हा लेख.

शेख फहद यांचा जन्म १९४५ चा. वडील शेख अहमद अल-जाबेर हे १९२१ पासून १९५० पर्यंत कुवेतचे राज्यकर्ते होते. तेल सापडलं आणि १९४६ मध्ये पहिली खेप जहाजात भरली गेली ती त्यांच्याच काळात. वडील वारले तेव्हा फहद जेमतेम साडेचार वर्षांचे होते. या भावंडांमधले चौघे पुढे देशाचे अमीर झाले. १९७७ मध्ये शेख जाबेर, २००६ मध्ये शेख सबाह, २०२० मध्ये शेख नवाफ आणि २०२३ मध्ये शेख मिशाल. म्हणजे बघा, घर असं की सत्तेच्या दाराची कडी वाजवायचीसुद्धा गरज नव्हती! पण फहद यांचा ओढा मंत्रालयापेक्षा दोन ठिकाणी होता, एक सैन्य आणि दुसरं खेळाचं मैदान. ते सैन्यात अधिकारी झाले आणि खेळाच्या संघटनांमध्येही शिरले. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या आशियाई हँडबॉल महासंघाचे पहिले अध्यक्ष तेच होते. पुढे कुवेतची ऑलिंपिक समिती आणि फुटबॉल संघटना या दोन्हींची सूत्रं त्यांच्याकडे आली.

त्यांच्या हाती आलेला फुटबॉल काही कच्चा नव्हता. इथली लीग १९६१-६२ च्या मोसमापासून चालू आहे. आखाती देशांची स्पर्धा, जिला सगळे गल्फ कप म्हणतात, ती १९७० मध्ये बहारीनला सुरू झाली. १९७०, १९७२, १९७४ आणि १९७६ अशा पहिल्या चारही स्पर्धा कुवेतने जिंकल्या. १९७६ मध्ये तेहरानला आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात इराणने १-० ने हरवलं, तेवढीच काय ती सल. पण आखातात राजा असणं वेगळं आणि जगासमोर उभं राहणं वेगळं. त्यासाठी चांगला मास्तर लागतो, आणि कुवेतने तो थेट ब्राझीलहून आणला. १९७० च्या विश्वविजेत्या ब्राझील संघाचा प्रशिक्षक मारिओ झगालो १९७६ ते १९७८ इथे होता. त्याच्यानंतर कार्लोस अल्बर्टो परेरा आला. तेव्हा तो तिशीतला, फारसा कुणाला ठाऊक नसलेला माणूस. याच परेराने पुढे १९९४ मध्ये ब्राझीलला विश्वचषक जिंकून दिला. २००२ चा ब्राझीलचा विश्वविजेता प्रशिक्षक फेलिपे स्कोलारी, तोही ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कादसिया क्लबकडे होता. पैसा होता म्हणून हे जमलं, हे खरंच. पण पैसा कुणावर लावायचा याची नजरही लागतेच ना!

शेख फहद यांचं फुटबॉलमधलं दशक खऱ्या अर्थाने सुरू झालं ते सप्टेंबर १९८० मध्ये. आशिया चषक स्पर्धा पहिल्यांदाच कुवेतमध्ये भरली होती. सुरुवात मात्र बरी नव्हती. अमिरातीशी १-१ बरोबरी झाली, मलेशियाला हरवलं, आणि मग घरच्या प्रेक्षकांसमोर दक्षिण कोरियाने ३-० असा धुव्वा उडवला. लोक नाराज झाले. शेवटच्या साखळी सामन्यात कतारवर चार गोल चढवले तेव्हा कुठे उपांत्य फेरी गाठली. त्यातच २२ सप्टेंबरला इराण-इराक युद्ध पेटलं. स्पर्धेत इराणचा संघ खेळतोय, त्याच्या देशावर बाँब पडतायत, आणि उपांत्य सामना नेमका कुवेत विरुद्ध इराण! तो कुवेतने २-१ असा जिंकला. ३० सप्टेंबरला अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरिया समोर. आठव्या मिनिटाला कप्तान साद अल-हौती याने पहिला गोल केला, नंतर फैसल अल-दाखील याने दोन. ज्यांनी तीन गोलांनी हरवलं होतं त्यांनाच तीन गोलांनी हरवून कुवेत आशियाचा विजेता झाला. हा चषक जिंकणारा तो पहिला अरब देश. त्या सुमारास देशाची लोकसंख्या साडेतेरा लाखांच्या आसपास होती आणि त्यातले निम्म्याहून अधिक आपल्यासारखे बाहेरून आलेले. म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढ्या वस्तीतून हा संघ निवडलेला होता.

त्याच वर्षी मॉस्को ऑलिंपिकमध्ये कुवेतने उपांत्यपूर्व फेरी गाठली होती आणि यजमान सोव्हिएत संघाकडून २-१ असा निसटता पराभव झाला होता. पुढच्या वर्षी विश्वचषकाची पात्रता फेरी आली. शेवटच्या गटात न्यूझीलंड, चीन आणि सौदी अरेबिया होते. कुवेत पहिला आला आणि १९८२ च्या स्पेनमधल्या स्पर्धेचं तिकीट मिळालं. आशियातला कुठलाही अरब देश तोपर्यंत तिथे पोचला नव्हता. १९८१ मध्येच शेख फहद आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य झाले. माणूस छत्तीस वर्षांचा, हातात संघ चांगला, मागे घराण्याचं नाव. सगळं मनासारखं चाललं होतं.

१७ जून १९८२ रोजी बायादोलिद शहरात पहिला सामना चेकोस्लोव्हाकियाशी झाला. पानेन्काने पेनल्टीवर गोल केला, पण उत्तरार्धात फैसल अल-दाखीलने लांबून मारलेला फटका जाळ्यात गेला आणि सामना १-१ असा सुटला. युरोपातले लोक चकित झाले. चार दिवसांनी त्याच मैदानावर फ्रान्स. तो प्लातिनी, जिरेस यांचा संघ. फ्रान्सने तीन गोल केले, कुवेतकडून अब्दुल्ला अल-बुलूशीने एक फेडला. ३-१. सामना संपायला दहाएक मिनिटं उरली असताना ते घडलं.

फ्रान्सची चढाई चालू असताना प्रेक्षकांतून कुणीतरी शिट्टी वाजवली. कुवेतच्या खेळाडूंना वाटलं रेफरीनेच वाजवली, ते जागच्या जागी थांबले. जिरेस थांबला नाही, त्याने चेंडू जाळ्यात मारला. सोव्हिएत रेफरी मिरोस्लाव स्तुपार याने गोल दिला. कुवेतच्या खेळाडूंनी त्याला गराडा घातला. वर स्टँडमध्ये शेख फहद उभे राहून हातवारे करत होते. बघणाऱ्यांना वाटलं की ते संघाला मैदान सोडायला सांगतायत. आपण खेळत राहा असं सांगत होतो, असं त्यांनी नंतर म्हटलं. मग ते खाली आले, डोक्यावर लाल-पांढरा रुमाल, अंगात पायघोळ पोशाख, आणि पोलिसांच्या गर्दीतून थेट मैदानात. रेफरीशी बोलणं झालं आणि गोल रद्द झाला! आता संतापायची पाळी फ्रान्सची. त्यांचे प्रशिक्षक मिशेल हिदाल्गो यांना पोलिसांनी आवरून धरलं. बऱ्याच वेळाने खेळ पुन्हा सुरू झाला, बोसीने शेवटी आणखी एक गोल केला आणि फ्रान्स ४-१ ने जिंकला. म्हणजे एवढं सगळं करून निकालावर परिणाम शून्य.

आता इथे थोडं थांबून विचार करू. कुवेतच्या खेळाडूंची तक्रार अगदीच खोटी नव्हती. प्रेक्षकाच्या शिट्टीने खेळात व्यत्यय आला असं रेफरीला वाटलं तर त्याने खेळ थांबवावा आणि चेंडू टाकून पुन्हा सुरू करावा, अशी तरतूद फुटबॉलच्या नियमांत आहे. पण ते ठरवायचं रेफरीने, आणि त्याच क्षणी. इथे त्याने गोल दिला होता. नंतर तो फिरला, तो एका वजनदार माणसाने मैदानात पाय ठेवल्यावर. समजा तिथे कुणी साधा मॅनेजर उतरला असता तर? पोलिसांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं असतं. म्हणून कितीही आपुलकी असली तरी त्या दिवशी शेख फहद चुकले असंच म्हणावं लागतं. आपल्या पोरांवर अन्याय होतोय हे दिसल्यावर वरच्या खुर्चीत बसून राहणं त्यांना जमलं नाही, हे समजण्यासारखं आहे. पण मैदानाची रेषा राजालाही लागू असते. फिफाने कुवेतच्या संघटनेला दंड केला. स्तुपारला पुन्हा कधी विश्वचषकाचा सामना मिळाला नाही. त्या सगळ्यात सर्वांत मोठी किंमत कुणी मोजली असेल तर या रेफरीने, आणि त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही.

शेवटच्या सामन्यात इंग्लंडने कुवेतला फक्त १-० ने हरवलं. हेही आज कुणाला आठवत नाही. प्लातिनीच्या फ्रान्सकडून हार, इंग्लंडकडून एका गोलाने हार, चेकोस्लोव्हाकियाशी बरोबरी. पहिल्यांदाच आलेल्या एवढ्याशा देशाने केलेली ही कामगिरी त्या काही मिनिटांच्या गोंधळाखाली झाकली गेली. परदेशी वर्तमानपत्रांना तेलाचा पैसा आणि शेखांची मिजास असा तयार मसाला मिळाला. शेख फहद यांच्या उतावळेपणाने सगळ्यात जास्त नुकसान झालं असेल तर ते त्यांच्याच खेळाडूंचं.

यानंतरचा भाग आपल्या देशाशी जोडलेला आहे. १९८२ ची दिल्लीची एशियाड आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. अप्पू हत्ती, रंगीत दूरदर्शन, आणि ज्यांच्या घरी रंगीत टीव्ही त्यांच्याकडे जमलेली सगळी चाळ! आशियाई खेळांची जुनी संघटना दिल्लीतच १९४९ मध्ये स्थापन झाली होती. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच दिल्लीत ती जाऊन तिच्या जागी आशियाई ऑलिंपिक परिषद आली. तिचे पहिले अध्यक्ष झाले शेख फहद आणि मुख्यालय आलं कुवेतला. स्पेनमध्ये जगाचं हसं होऊन पाच महिनेही झाले नव्हते. आपण टीव्हीवर अप्पू बघत होतो तेव्हा आशियाच्या खेळांचा कारभार कुवेतकडे जात होता, हे तेव्हा आपल्या गावीही नव्हतं. त्या स्पर्धेत फुटबॉलच्या अंतिम सामन्यात कुवेत पोचला होता, पण इराककडून १-० ने हरला.

नव्या परिषदेवर टीकाही झाली. तिच्यात इस्रायलला जागा नव्हती, आणि खेळात राजकारण आणल्याचा ठपका शेख फहद यांच्यावर आला. तो आरोप पुसून टाकता येत नाही. दुसरीकडे हेही खरं की १९८६ मध्ये साप्पोरोला पहिल्या आशियाई हिवाळी स्पर्धा झाल्या, त्याच वर्षी सोलची एशियाड झाली आणि १९९० ची बीजिंगला ठरली. आशियातल्या देशांनी एकत्र बसून आपले खेळ आपण चालवायचे, हे त्यांच्या कारकिर्दीत रुळलं.

घरचं दशक मात्र चढउतारांचं गेलं. १९८२ च्या ऑगस्टमध्ये सूक अल-मनाख हा इथला समांतर शेअर बाजार कोसळला आणि भल्याभल्यांची घरं हलली. शेजारचं युद्ध १९८८ पर्यंत चाललं. राष्ट्रीय संघ १९८४ च्या आशिया चषकात तिसरा आला, १९८६ च्या एशियाडमध्ये त्याला ब्राँझ मिळालं, पण विश्वचषक पुन्हा हाती लागला नाही. क्लबांचं फुटबॉल मात्र रंगत होतं. १९८०-८१ ला साल्मियाने पहिल्यांदा लीग जिंकली. मग १९८२ पासून सलग चार मोसम अरबीचे. १९८६ आणि १९८७ काझमाचे. पुन्हा दोन वर्षं अरबी. आखाती क्लबांची विजेतेपदाची स्पर्धा सुरू झाली तेव्हा १९८२ ला पहिला मान अरबीने मिळवला आणि १९८७ ला काझमाने. १९८९-९० च्या मोसमात तर कमालच झाली. शहरातल्या बड्या क्लबांना मागे टाकून वाळवंटाच्या तोंडावरच्या जहराने लीग जिंकली. तेव्हा कुणाला कल्पना होती की पुढचा मोसम होणारच नाही!

गल्फ कपमध्येही या दशकात कुवेत आणि इराक यांची रस्सीखेच चालली होती. १९७९ इराक, १९८२ कुवेत, १९८४ इराक, १९८६ कुवेत, १९८८ इराक. १९९० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये स्पर्धा कुवेतला भरली. स्पर्धेच्या बोधचिन्हावरून वाद होऊन सौदीने संघच पाठवला नाही, आणि रेफरीच्या निर्णयांवरून भांडण होऊन इराकचा संघ अर्ध्यातून निघून गेला. चषक कुवेतने जिंकला. खेळातली ही कटुता त्या वेळी खेळापुरतीच वाटली असणार. युद्धात इराकला दिलेली कर्जं, तेलाचे भाव आणि सीमेवरची तेलक्षेत्रं यांवरून खरं बिनसत चाललं होतं.

२ ऑगस्ट १९९० च्या मध्यरात्रीनंतर इराकी सैन्य सीमा ओलांडून आत शिरलं. अमीर शेख जाबेर यांना सौदीत हलवण्यात आलं. राजघराण्यातल्या माणसाने तेव्हा निघून जाण्यात कुणी काही गैर मानलं नसतं. देश टिकायचा तर सरकार टिकलं पाहिजे, हा हिशोब होताच. शेख फहद मात्र दसमान महालाकडे गेले. समुद्राकाठचा हा महाल, आज कुवेत टॉवर्स बघायला आलेल्या पाहुण्यांना आपण गाडीतून दाखवतो तो. तिथे पहारेकऱ्यांची लढाई चालू होती. महालाच्या दारात शेख फहद गोळ्या लागून मारले गेले. वयाची पंचेचाळीस वर्षं पुरी व्हायला थोडेच दिवस उरले होते.

त्यानंतरचे महिने आपल्यापैकी जुन्या मंडळींना सांगायला नकोत. पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय इथून बाहेर पडले. जॉर्डनमधल्या अम्मानपर्यंतचा तो प्रवास आणि तिथून मुंबईचं विमान, हे ज्यांनी सोसलं त्यांच्या घरात अजून बोललं जातं. सप्टेंबरमध्ये बीजिंगची एशियाड भरली तेव्हा आशियाई ऑलिंपिक परिषदेने इराकला बाहेर ठेवलं. इराकचा संघ त्यानंतर एशियाडमध्ये दिसला तो २००६ ला, दोहामध्ये.

शेख फहद यांच्यामागे परिषदेचं अध्यक्षपद त्यांचे चिरंजीव शेख अहमद यांच्याकडे आलं आणि १९९१ ते २०२१ अशी तीस वर्षं राहिलं. फुटबॉलला मात्र ते जुने दिवस परत आले नाहीत. १९८२ नंतर कुवेत पुन्हा विश्वचषकात खेळला नाही. इतकंच काय, संघटनेत सरकारी हस्तक्षेप होतो म्हणून २०१५ पासून २०१७ पर्यंत फिफाने कुवेतला निलंबित केलं होतं. मैदान कुणाचं, खेळाडूंचं की सत्तेचं, हा बायादोलिदला पडलेला प्रश्न पस्तीस वर्षांनी पुन्हा दारात उभा राहिला.

मग हा माणूस आपण कसा आठवायचा? मला वाटतं, दोन्ही प्रसंग एकत्र ठेवून. दसमानच्या दारातला मृत्यू बायादोलिदची चूक बरोबर ठरवत नाही. शूर माणसं नियमालाही चुकतात. आणि बायादोलिदची चित्रफीत बघून हसणाऱ्याने हे विसरू नये, की त्या दिवशी जागेवर बसून न राहवणारा माणूस आठ वर्षांनी, बसून राहणं शहाणपणाचं असतानाही, तसाच उठला. तेव्हा समोर शिट्टीवाला रेफरी नव्हता, रणगाडे होते.

सुट्टीत पाहुणे आले की आपण त्यांना टॉवर्स दाखवायला नेतो, फोटो काढतो, आइस्क्रीम खातो. या वेळी जवळच्या दसमान महालाकडेही बोट दाखवा. मुलांना १९८० च्या त्या तीन गोलांची गोष्ट सांगा, रद्द झालेल्या गोलाचीही सांगा, आणि मग त्या पहाटेचीही.